पडणार हे माहीत असूनही थरूर

परवा सोमवारी, १७ ऑक्टोबर २०२२ ला, काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी मतदान आहे, मल्लिकार्जुन खर्गे विरुद्ध शशी थरूर. बावीस वर्षांनी. आणि बावीस वर्षांनी आलेल्या या गोष्टीवर आमच्या ग्रुपवर चर्चा काय चाललीय, तर एका बाजूचे म्हणतात खर्गे म्हणजे रबर स्टॅम्प, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणतात थरूर म्हणजे डिक्शनरी काखेत घेऊन फिरणारा साहेब, त्याला बूथ म्हटलं की टेलिफोन बूथच आठवत असेल. झाली चर्चा. त्यावर शंभर हसण्याचे इमोजी. टीव्हीवर पण थोडं सूट-टाय घालून हेच. मला या निवडणुकीत मत नाही, मत आहे प्रदेश काँग्रेसच्या डेलिगेट लोकांना, देशभरात नऊ हजारांच्या वर आहेत ते. पण मला मत नसलं तरी माझं एक मत आहे आणि ते सरळ सांगून टाकतो: माझ्या हातात चिठ्ठी असती तर मी शशी थरूर यांच्या नावावर खूण केली असती. थरूर निवडून येणार नाहीत हे मला माहीत आहे. माणूस म्हणून मला खर्गे जास्त मोठे वाटतात हेही इथेच कबूल करतो. तरीही थरूर, आणि का ते जरा लांबण लावून सांगावं लागेल.

आधी खर्ग्यांबद्दल, कारण ज्याला मत द्यायचं नाही त्याचं नीट मोजमाप न करता बोलणं हा हलकटपणा आहे. मी उदगीरचा. १९५६ च्या आधी आमचं उदगीर बीदर जिल्ह्यात होतं आणि खर्ग्यांचं वारवट्टी हे गाव त्याच बीदरमधल्या भालकी तालुक्यातलं, इथून गाडीने तासाभराचा रस्ता. म्हणजे जुन्या हिशोबाने हा माणूस आमच्याच जिल्ह्याचा. रझाकारांच्या काळात त्यांचं घर जळालं, आई आणि बहीण त्यात गेल्या, वडील पोराला घेऊन निघाले आणि पुढे गुलबर्ग्याला जगले. ते पोरगं शिकलं, वकील झालं, कामगारांच्या केसेस लढलं, १९७२ ला गुरमिटकलमधून आमदार झालं आणि तिथून २०१९ पर्यंत एकही निवडणूक हरलं नाही. सत्तेचाळीस वर्षं! कर्नाटकात तीनदा मुख्यमंत्रिपद त्यांच्या दारापर्यंत आलं, १९९९ ला एस. एम. कृष्णा झाले, २००४ ला धरमसिंग, २०१३ ला सिद्धरामय्या. आपल्याकडे एवढ्यात माणूस चार पक्ष फिरून आला असता. हे गेले नाहीत. राज्यघटनेत कलम ३७१ (जे) आणून हैदराबाद-कर्नाटकला नोकऱ्या आणि कॉलेजच्या जागांत हक्काचा वाटा मिळवून देण्यात त्यांचा मोठा हात आहे, आणि त्याची किंमत आम्हा मराठवाड्यातल्यांना बरोबर कळते, कारण आम्ही अजून ३७१ (२) आणि वैधानिक विकास मंडळाचं काय झालं हेच विचारत बसलोय. वर मराठी बोलतात, महाराष्ट्राचे प्रभारी होते, इथली गटबाजी त्यांना जिल्ह्यानिशी पाठ आहे. अशा माणसाला पुण्यात बसून रबर स्टॅम्प म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावं की भाजपमध्ये अध्यक्षपदासाठी चिठ्ठ्या टाकून मोजणी झालेली त्यांना कधी आठवते का. नड्डा बिनविरोधच आले ना? आणि ऑगस्टमध्ये गडकरींना संसदीय मंडळातून काढलं तेव्हा कुठल्या मतपेटीला विचारलं होतं?

मग अडतंय कुठे? तर खर्गे आले कसे, इथे. २५ सप्टेंबरला जयपूरला जे झालं ते सगळ्यांनी बघितलंय. राजस्थानचे तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक गेहलोत अध्यक्ष होणार असं धरून चाललं होतं, पण त्यांच्या आमदारांनी पक्षाच्या बैठकीला न जाता मंत्र्याच्या घरी वेगळी बैठक भरवली, निरीक्षक म्हणून गेलेले खर्गे आणि अजय माकन ताटकळत बसले, गेहलोत दिल्लीला जाऊन माफी मागून रेसमधून बाहेर. मग दिग्विजयसिंह अर्ज घेऊन आले. आणि ३० तारखेला, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, खर्ग्यांचं नाव पुढे आलं, दिग्विजय मागे सरले, आणि दुपारपर्यंत सूचकांच्या सह्यांमध्ये मोठमोठे नेते. २०२० मध्ये बदल हवा म्हणून सोनियांना पत्र लिहिणाऱ्या तेवीस जणांपैकी काही जण पण त्यात, आपले पृथ्वीराजबाबा चव्हाण धरून. गांधी घराणं तटस्थ आहे असं सांगितलं जातंय आणि मी त्यावर विश्वास ठेवायलाही तयार आहे. पण काँग्रेसवाल्याला तटस्थपणासुद्धा कुठल्या दिशेने वाहतोय ते बरोबर कळतं. थरूर परवा बोललेच की बऱ्याच ठिकाणी प्रदेशाध्यक्ष त्यांना भेटत नाहीत आणि खर्ग्यांच्या स्वागताला मात्र हजर असतात. नियम काय, तर पदाधिकाऱ्याला प्रचार करायचा असेल तर त्याने आधी पद सोडावं. हार घेऊन स्टेशनवर उभं राहणं प्रचारात येत नाही बहुतेक.

आपल्या महाराष्ट्राला याचं नवल वाटू नये, आपण तर या पद्धतीत हयात घालवली. निरीक्षक यायचे, आमदारांना एकेक करून खोलीत बोलवायचे, सगळ्यांचं म्हणणं ऐकल्यासारखं करायचे, मग एका ओळीचा ठराव, "सर्वाधिकार श्रेष्ठींना", आणि मग दिल्लीहून लखोटा. १९८२ ला त्या लखोट्यातून बाबासाहेब भोसले निघाले, खुद्द आमदारांनाच आश्चर्य वाटलं असेल. २००४ ला सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना निवडणूक जिंकली आणि शपथ घेतली विलासरावांनी. कोण चांगला कोण वाईट हा प्रश्नच वेगळा, विलासराव आमच्या लातूरचे, मला ते हवेच होते. पण विचारलं कुणाला? आणि यातली गंमत बघा, खर्ग्यांना डावललं तेही याच पद्धतीने. आज तीच पद्धत त्यांच्या बाजूने फिरलीय म्हणून ती न्यायाची होत नाही. गेल्या महिन्यात महाराष्ट्रासह बऱ्याच प्रदेश काँग्रेसांनी परत तेच ठराव केले, प्रदेशाध्यक्ष नेमायचे अधिकार दिल्लीला. निवडणूक तोंडावर असताना! पंगतीला बसून उपास आहे म्हणायचं, तसं.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे ज्याचं आपल्याला फार कौतुक, "बिनविरोध". सोसायटी बिनविरोध, ग्रामपंचायत बिनविरोध, साखर कारखाना बिनविरोध, बातमी येते ती पण कशी, "गावाने आदर्श घालून दिला". माझे चुलते, तात्या, आयुष्यभर काँग्रेसच्या सभांना सतरंज्या टाकून आले, ते परवा म्हणाले, "अरे निवडणूक कशाला लावली, चार शहाणी माणसं बसली असती तर मिटलं असतं." मी म्हटलं, तात्या, मिटलं असतं म्हणजे काय झालं असतं? उमराण्याला काय झालं होतं ते आठवतंय ना? नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारचं खोंडामळी, २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली, कारण पदांचा चक्क लिलाव झाला होता, उमराण्यात देवळासाठी म्हणून बोली दोन कोटींच्या पुढे गेली होती. गाव एकदम बिनविरोध, कुठे भांडण नाही. बिनविरोध झालेल्या प्रत्येक ठिकाणी लिलाव होतो असं मी म्हणत नाही, पण मतपेटी नसते तेव्हा कशानेतरी ठरतंच ना, पैशाने ठरेल, दमदाटीने ठरेल, नाहीतर कुणाच्या तरी भुवईने ठरेल. तात्यांनी यावर चहा मागवला. म्हणजे पटलं नाही.

आणि मतपेटी नसल्यावर मोठ्या मोठ्या माणसांचं काय होतं ते १९०७ च्या सुरतेत दिसलं. अधिवेशन आधी नागपूरला व्हायचं होतं, तिथे टिळकांच्या लोकांचा जोर म्हणून ते सुरतेला हलवलं. जहालांना लाला लजपतराय अध्यक्ष हवे होते, मवाळांनी रासबिहारी घोष ठरवून ठेवले होते. टिळकांनी बोलायची परवानगी मागितली, मिळाली नाही, ते मंचावर जाऊन उभे राहिले, आणि मग मांडवात खुर्च्या उडाल्या आणि एक मराठी बनावटीचा जोडा उडत येऊन सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहतांना लागला. पक्ष फुटला तो १९१६ ला लखनौला जुळेपर्यंत नऊ वर्षं गेली. लोक हा किस्सा "बघा, भांडणाने पक्ष फुटतो" म्हणून सांगतात. मला तो उलटा वाचावासा वाटतो. घोष की लजपतराय हे त्या मांडवात मोजलं असतं तर कदाचित टिळक हरले असते, आणि हरून पुढच्या वर्षी परत आले असते. मोजायची सोय नव्हती म्हणून जोडा आला.

आता माझा खरा मुद्दा. अशा निवडणुकीत जिंकणाऱ्याच्या मतांपेक्षा हरणाऱ्याची मतं जास्त महत्त्वाची असतात. १९६६ बघा. शास्त्रीजी गेल्यावर नेतेपदासाठी इंदिरा गांधी विरुद्ध मोरारजी, खासदारांचं मतदान झालं, ३५५ विरुद्ध १६९. मोरारजी चांगलेच हरले. पण ते १६९ आकडे कागदावर आले, ते कुणाला खोडता येईनात, आणि १९६७ ला निवडणुकीनंतर इंदिराबाईंना मोरारजींना उपपंतप्रधान करून घ्यावं लागलं. पक्ष फुटला तो १९६९ मध्ये, नंतर फुटलाच हे खरं, पण ती तीन वर्षं तो टिकला त्यात या १६९ चा हात होता असं मला वाटतं. आता याच्या उलट २०००. जितेंद्र प्रसाद सोनियांच्या विरोधात उभे राहिले, सोनियांना ७,४४८ आणि प्रसादांना ९४. चौऱ्याण्णव! एवढ्या मोठ्या पक्षात शंभर माणसं पण नाहीत ज्यांना वेगळं काही वाटतं? अर्थात होती, पण त्यांनी हिशोब केला की कशाला. आणि त्या ९४ ने खाली जो निरोप गेला तो असा की परत कुणी या भानगडीत पडू नका. बावीस वर्षं कुणी पडलं नाही. लोक सरळ दार उघडून बाहेर पडले. विखे पाटील विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते, तिथून उठून गेले. सिंधिया गेले, त्याच जितेंद्र प्रसादांचा मुलगा जितिन गेला, या वर्षी सिब्बल, आणि आत्ता ऑगस्टमध्ये पन्नास वर्षं पक्षात काढलेले गुलाम नबी आझाद. प्रत्येकाचा स्वार्थ होताच, मी कुणाला हुतात्मा करत नाहीये. पण आत भांडून काही मिळतं असा एकही दाखला ज्या पक्षात नाही तिथे स्वार्थी माणूस आत का भांडेल?

यावर सगळ्यात जड आक्षेप आहे तो ग्रुपवर कुणी घेतलाच नाही, म्हणून मीच घेतो. तो असा की काँग्रेसमध्ये निवडणूक जिंकूनसुद्धा काही होत नाही. १९३९ ला सुभाषबाबू गांधीजींच्या पसंतीच्या पट्टाभी सीतारामय्यांना दोनशे मतांनी हरवून निवडून आले, गांधीजी म्हणाले हा पराभव पट्टाभींपेक्षा माझाच जास्त, कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले, त्रिपुरीच्या अधिवेशनात गांधींच्या इच्छेने कार्यकारिणी नेमा असा ठराव झाला, आणि एप्रिलमध्ये सुभाषबाबूंनी पद सोडलं. १९५० ला पुरुषोत्तमदास टंडन कृपलानींना हरवून आले, नेहरूंशी पटलं नाही, वर्षभरात बाहेर. १९९७ ला सीताराम केसरींना सहा हजारांवर मतं, आपल्या पवारांना ८८२, राजेश पायलटांना ३५४, आणि तेच सहा हजारवाले केसरी पुढच्या मार्चमध्ये कार्यकारिणीच्या एका बैठकीत घरी गेले. मग मतं घेऊन करायचं काय? दुसरा आक्षेप ताजा आहे. ब्रिटनच्या पंतप्रधानपदाच्या शर्यतीत ऋषी सुनक हरल्याचं दुःख आपल्या लोकांना इतकं झालं की जणू तो बारामतीतून उभा होता, पण तिथे पक्षाच्या सभासदांनी मत देऊन निवडलेल्या लिझ ट्रस बाईंनी महिनाभरात पाउंडाचं काय केलं ते बघा, काल अर्थमंत्र्याला काढावं लागलं. सभासदांचं मत म्हणजे शहाणपण नव्हे.

दोन्ही बरोबर आहेत, मान्य. ट्रस बाईंचं उत्तर सोपं आहे, मत देणारे चुकू शकतात, पण कोण चुकलं ते सगळ्यांना दिसतं आणि चूक दुरुस्त करायची पद्धत लिहिलेली असते. लखोटा चुकला तर कुणाला जाब विचारणार? सुभाषबाबूंचं उत्तर अवघड आहे. पण मला त्या तिन्ही गोष्टींत एकच दिसतं की निकाल मोडणारे दर वेळी वरचेच होते आणि खाली मतं देणाऱ्यांनी ते मुकाट सोसलं, कारण मतदान हा त्यांच्या अंगवळणी पडलेला हक्क कधी नव्हताच, दहा-वीस वर्षांतून एकदा आलेली जत्रा होती. केसरींची सहा हजार मतं कशी आली होती? वारं बघून. वारं फिरलं तेव्हा त्या सहा हजारांतल्या किती जणांनी तोंड उघडलं? आणि पवारांचं बघा. ८८२ मतं पडलेल्या माणसाला पक्षात काय जागा असते हे कुणी ठरवलंच नाही, दोन वर्षांत ते संगमा आणि तारिक अन्वरांना घेऊन बाहेर पडले आणि १० जून १९९९ ला राष्ट्रवादी झाली. कारण सोनियांच्या परदेशी जन्माचं दिलं होतं, ठीक आहे, आणि ज्यांना पवार कळतात ते म्हणतील हा माणूस जाणारच होता. असेल. तरी त्याची किंमत महाराष्ट्रातली काँग्रेस अजून हप्त्याने फेडतेय.

आता नाजूक विषय, कारण तो कुजबुजत बोलला जातोय. एक दलित माणूस, खालून वर आलेला, अध्यक्ष होतोय आणि त्याच्याविरुद्ध इंग्रजी शाळेतला, युनोतला माणूस उभा राहतोय, मग तुम्ही कुठल्या बाजूला? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. काँग्रेसला दलित अध्यक्ष याआधी मिळाले ते दामोदरम संजीवय्या आणि बाबू जगजीवनराम, त्यालाही पन्नास वर्षं झाली. पण प्रतिनिधित्वाचं नाव घेऊन मतदानच बाजूला ठेवायचं याचा एक जुना किस्सा आहे. १९९२ ला तिरुपतीला कार्यकारिणीची खरीखुरी निवडणूक झाली, अर्जुनसिंह, पवार वगैरे निवडून आले. नरसिंहराव म्हणाले यात दलित नाही, आदिवासी नाही, बाई नाही, आणि निवडून आलेल्यांना राजीनामे द्यायला लावून आपल्या पसंतीने नेमणुका केल्या. तक्रार शंभर टक्के खरी होती, आणि उपयोग कशासाठी झाला? खर्गे बिनविरोध आले असते तर रबर स्टॅम्प हा शिक्का त्यांच्या कपाळावर कायमचा बसला असता. समोर कुणीतरी उभं आहे, तेही दम असलेलं, म्हणून उद्या खर्गे म्हणू शकतील की मला नेमलं नाही, मी निवडून आलोय. हे थरूरनी त्यांना दिलंय. आणि बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण, त्यातला राजकारणातल्या भक्तीबद्दलचा इशारा सगळे फॉरवर्ड करतात, पण त्याच भाषणात त्यांनी आठवण करून दिली होती की बुद्धाच्या भिक्षू संघात ठराव कसा मांडायचा, गणपूर्ती किती, मतं कशी मोजायची, गुप्त मतदान कसं, सगळ्याचे नियम होते. खर्गे स्वतः बौद्ध, आणि थरूरनी प्रचार सुरू केला तो नागपूरच्या दीक्षाभूमीवरून. दोघांनाही हे परकं नाही.

थरूरमधल्या उणिवा मला दिसत नाहीत असं नाही. पक्षात आले २००९ ला, आणि तेही वरूनच, थेट तिरुवनंतपुरमचं तिकीट. संघटनेचं काम म्हणावं असं नावावर काही नाही. विमानातल्या स्वस्त वर्गाला "कॅटल क्लास" म्हणणारा ट्विट, आयपीएलच्या कोची टीमपायी गेलेलं मंत्रिपद, आणि आत्ता जाहीरनाम्यातला भारताचा नकाशाच चुकला, जम्मू-काश्मीरचा भाग कापलेला, हे तर नववीतल्या पोराला मास्तरांनी बाकावर उभं केलं असतं. पण त्या जाहीरनाम्यात नकाशा सोडून बाकी पण आहे ना, ते कुणी वाचतंय का? प्रदेशाध्यक्षांना खरे अधिकार, पदांना मुदत, ब्लॉक आणि बूथपर्यंत सत्ता खाली नेणं. खर्गे म्हणतात माझा जाहीरनामा म्हणजे पक्षाच्या उदयपूर शिबिरातला ठराव. ठीक आहे, तो पण वाईट नाही, पन्नास टक्के पदं पन्नाशीच्या आतल्यांना वगैरे (ऐंशी वर्षांच्या उमेदवाराने हे राबवायचं, असू दे). पण थरूर जाहीर चर्चेला तयार होते आणि खर्गे नको म्हणाले, तिथे मला वाईट वाटलं. संसदेत भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, तो चर्चेत थरूरना जड गेला असता. सामान्य कार्यकर्त्याला एकदा तरी दिसलं असतं की आपल्या पक्षात दोन मोठी माणसं समोरासमोर बसून वेगवेगळं बोलतात आणि आभाळ कोसळत नाही.

हे लिहीत असताना, ऑक्टोबर २०२२ मध्ये, शिवसेनेचं चिन्ह गोठवून आठवडा झालाय. धनुष्यबाण कपाटात, एकाला मशाल, एकाला ढाल-तलवार. पक्ष कोणाचा हे आता निवडणूक आयोग ठरवणार, आमदार मोजून, खासदार मोजून, प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे मोजून. काँग्रेसची बैलजोडी पण अशीच फुटीत गेली होती. आपले लोक याला फक्त गद्दारी आणि खोके एवढ्याच शब्दांत बघतायत, आणि ते शब्द खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण शेवटी मोजायची वेळ आलीच ना? घरात वेळच्या वेळी मोजलं नाही म्हणून आता परक्याच्या टेबलावर मोजताय.

तात्यांचे एक जुने स्नेही डेलिगेट आहेत, त्यांचा काल फोन होता. सोमवारी मुंबईला चाललेत मत द्यायला. त्यांचा प्रश्न एवढाच की कुणाला दिलं ते कळणार तर नाही ना कुणाला. मी सांगितलं, सगळ्या राज्यांच्या चिठ्ठ्या एकत्र मिसळून मगच मोजणार आहेत, कुठल्या राज्यातून किती तेसुद्धा कळणार नाही. ते जरा थांबले आणि म्हणाले, "मग बघू." १९ तारखेला निकाल. खर्गे जिंकतील आणि मी त्यांना मनापासून शुभेच्छा देईन, आमच्या बीदरचा माणूस आहे. पण बघणार आहे तो दुसरा आकडा. चौऱ्याण्णवच्या पुढे किती.